वेशीबाहेरचा पहारा

गुन्हा घडल्यावर गुन्हेगाराच्या मागे धावण्यापेक्षा गुन्हा घडूच नये अशी जागा बांधावी, हा विचार अलीकडे शहर नियोजनाच्या चर्चेत वारंवार ऐकू येतो. रस्त्यावर दिवे लावा, खिडक्या रस्त्याकडे उघडू द्या, ये-जा मोजक्या दारांतून ठेवा, कुंपण घाला, कॅमेरे बसवा, पडीक जागा साफ ठेवा. मग चोर-गुंड तिकडे फिरकणार नाहीत. अमेरिकेत जेन जेकब्ज यांनी १९६१ साली मांडले की रस्ता सुरक्षित ठेवतात ते पोलीस कमी आणि दुकानाच्या पायरीवर बसलेली, खिडकीतून डोकावणारी साधी माणसे जास्त. १९७१ साली सी. रे जेफ्री या गुन्हेशास्त्रज्ञाने या विचाराला शास्त्राचे नाव दिले. १९७२ साली ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाने सांगितले की रहिवाशाला 'ही जागा माझी' असे वाटले पाहिजे, तरच तो ती राखतो. आपल्याकडे हे सारे स्मार्ट सिटीच्या कॅमेऱ्यांतून आणि सोसायटीच्या गेटवर वही घेऊन बसलेल्या रखवालदारातून आले.

आमचा दिव्यांना विरोध नाही. वस्तीच्या रस्त्यावर दिवा नसला म्हणजे काय होते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण हा विचार परदेशातून आलेला नवा शोध म्हणून सांगितला जातो तेव्हा आम्हाला थांबवून विचारावेसे वाटते: महाराष्ट्राचे गाव कशावर बांधलेले आहे? गावकूस, वेस, पांढरी, महारवाडा, मांगवाडा ही रचना गुन्हा रोखण्यासाठीच होती. कुणाच्या घरातला गुन्हा रोखायचा आणि तो कुणी रोखायचा, एवढेच तिच्यात आधी ठरलेले होते. हा इतिहास आम्ही नगर जिल्ह्यातून सांगणार आहोत. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण ज्या घटनांविषयी लिहायचे आहे त्या 'अहमदनगर'च्या खात्यावर नोंदलेल्या आहेत.

नगर शहरात दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस अजून उभी आहे. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकात शहराला तट घातला, त्याची ही उरलेली खूण. शहराला तट, गावाला गावकूस. गावकुसाला वेस आणि वेशीवर वेसकर. वेसकर म्हणजे पाळीने वेशीवर बसणारा महार. आलागेला पाहायचा, परका माणूस कोण आहे ते पाटलाला कळवायचे, रात्री पहारा द्यायचा, चोरी झाली तर पायाच्या ठशांवरून माग काढायचा, गावाची शीव कुठून जाते ते सांगायचे, सरकारी रकमेसोबत चालत जायचे. आता आजच्या पुस्तकांतली कलमे याच्या शेजारी ठेवून पाहा. येण्याजाण्यावर ताबा, नजर, हद्दीची खूण, सगळे यात आहे. फक्त ज्याच्या पदाला वेशीचे नाव, त्याचे स्वतःचे घर वेशीच्या बाहेर. रात्री वेस लागली की आतले सुरक्षित, आणि राखणदाराची बायकापोरे उघड्यावर.

ही जागा अशी का ठरली, याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न बाबासाहेबांनी केला. अस्पृश्य मूळचे कोण होते, यावरचा त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मांडले की माणसे शेती करून स्थिर झाली तेव्हा भटक्या टोळ्यांचे हल्ले त्यांच्यावर होऊ लागले. दुसरीकडे टोळीयुद्धांत फुटून विखुरलेली माणसे होती, त्यांना अन्न आणि आसरा हवा होता. दोघांत सौदा झाला. फुटलेल्या माणसांनी राखण करायची, स्थिर टोळीने त्यांना पोसायचे. ती परक्या रक्ताची म्हणून त्यांना आत जागा नाही, आणि हल्ला शिवेवरूनच येणार म्हणून राखणदार शिवेवरच बरा. आयर्लंड आणि वेल्समध्येही अशी बाहेर वसवलेली माणसे होती, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे तिकडे ती माणसे गावात मिसळून गेली. आपल्याकडे मात्र धर्माने त्या कुंपणाला अस्पृश्यतेचा गिलावा केला आणि ते कायमचे झाले. हा सिद्धान्त सगळ्या इतिहासकारांनी मानला असे नाही, वाद आहेत. पण गावाचा नकाशा हा सुरक्षेचा नकाशा आहे आणि तो जातीने आखलेला आहे, हे बाबासाहेबांच्या आधी इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितले होते?

राखणीचा मोबदला होता बलुते, वतनाचा तुकडा आणि दारोदार मागितलेली भाकरी. जबाबदारी मात्र पुरी. गावात चोरी झाली आणि माग पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवता आला नाही, तर नुकसान राखणदाराने भरून द्यावे अशी रीत होती. रामोशी, भिल्ल, मांग अशा जागल्यांवर ती अधिकच कडक होती. म्हणजे चोरीचा पहिला संशयित आणि चोरीचा विमा, दोन्ही एकच माणूस. १८७४ च्या वतन कायद्याने हा बोजा इंग्रजी कागदावर आणला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तो बदलण्यासाठी विधेयक मांडले. वतन संपले ते १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. वतन गेले तरी वस्ती तिथेच राहिली, या एका वाक्यात पुढची साठ वर्षे आली.

इंग्रजांनी याच राखणदारांपैकी अनेकांना गुन्हेगार ठरवले. किल्ल्यांची आणि गावांची राखण काढून घेतल्यावर रामोशी उठले. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिले. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यात पोहोचला, १९२४ साली पुन्हा घट्ट झाला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, भामटे अशा जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. त्यांच्यासाठी सोलापूर, हुबळी, विजापूर इथे सेटलमेंट उभ्या राहिल्या. तारेचे कुंपण, आत ओळीने घरे, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला परवाना आणि शेजारी गिरणीचे काम. रचनेतून गुन्हा रोखण्याचा एवढा पूर्ण प्रयोग महाराष्ट्रात दुसरा झालेला नाही. गावकुसाने राखणदाराला बाहेर ठेवले, सेटलमेंटच्या तारेने त्याला आत कोंडले.

कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तार निघाली, पण संशय निघाला नाही. श्रीगोंदा, कर्जत, जामखेडच्या माळरानावर पारध्याचे पाल आहे तिथे हे कुणालाही विचारावे. पाच कोसांत चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी कुठे जाते?

इथे एक नाव सांगितलेच पाहिजे. या सेटलमेंटचा कारभार पाहणारे अधिकारी होते ओ. एच. बी. स्टार्ट. त्यांच्याच अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली, आणि तिचे एक सदस्य होते बाबासाहेब आंबेडकर. १९३० साली अहवाल आला. अस्पृश्याने विहिरीवर, शाळेत, रस्त्यावर आपला हक्क वापरला की गाव काय करते, हे त्यात नोंदले आहे. मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद, पाणी बंद. उघड मारहाणीपेक्षा हा बहिष्कार अधिक जीवघेणा आहे, असे समितीने म्हटले आणि बाबासाहेबांनी तो मजकूर गोलमेज परिषदेपुढे ठेवला. गुन्हा म्हणजे काळोखात अनोळखी माणसाने केलेले कृत्य, ही कल्पना त्या अहवालात कोसळते. इथे गुन्हेगार ओळखीचा आहे, भरदिवसा वागतो, आणि त्याचे हत्यार म्हणजे गावाची रचनाच. वाट त्याच्या शेतातून जाते, विहीर त्याच्या आळीत आहे, दुकान त्याचे आहे.

आता नेवासे तालुक्यात या. शनिशिंगणापूरची ख्याती जगभर आहे. घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत. चोरी केली तर शनीचा कोप होतो या श्रद्धेवर गाव चालते. २०११ साली तिथे एका राष्ट्रीयीकृत बँकेने कुलपाविना शाखा उघडली म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केले. आदल्याच वर्षी एका यात्रेकरूने ऐवज चोरीस गेल्याची तक्रार केली होती आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही आले, हा भाग कौतुकात कमी असतो. चौथऱ्यावर स्त्रीने पाय ठेवायचा नाही हाही त्याच श्रद्धेचा नियम होता, तो एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मोडला. तरी आम्ही मान्य करतो की उघडी दारे हा एक विलक्षण देखावा आहे. एका गावाने ठरवले तर मालमत्तेविषयी धाक निर्माण करता येतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकवता येतो.

शिंगणापूरपासून जेमतेम काही किलोमीटरवर सोनई आहे. १ जानेवारी २०१३ रोजी सोनईच्या शिवारात मेहतर समाजाच्या तीन तरुणांना ठार मारण्यात आले. ते एका शिक्षणसंस्थेत सफाईचे काम करत. त्यांच्यातल्या एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते. शौचालयाची टाकी साफ करायची आहे, असे सांगून त्यांना बोलावून नेले. जातीने जे काम गळ्यात बांधले होते, त्याच कामाचे निमंत्रण सापळा झाले. खटला नाशिकला चालला, आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. ज्या परिसरात घराला कुलूप लागत नाही, तिथे माणसाचा जीव घेताना कुठल्या देवाचा धाक वाटला नाही. शनीचे राज्य तिजोरीपाशी संपत असावे.

मग खर्डा. जामखेड तालुक्यातले हे गाव शाळेच्या पुस्तकात १७९५ च्या लढाईसाठी येते. त्याच लढाईतली शिदनाक महारांची हकिगत आपल्या चळवळीत सांगितली जाते: त्यांचा तंबू इतर सरदारांच्या रांगेत लागला म्हणून छावणीत कुरकुर झाली होती. लढाईत खांद्याला खांदा चालतो, तंबूला तंबू चालत नाही. याच खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी बारावीत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून शाळेतून मारत नेले आणि त्याचा खून करून त्याला झाडाला टांगले. मुलाचे नाव आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. वेळ दिवसाची होती. जागा शाळा आणि गावचा रस्ता. काळोख नव्हता, आडवाट नव्हती, पडीक इमारत नव्हती. जेन जेकब्ज यांना हवे होते तेवढे डोळे तिथे होते. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले.

सहा दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, नगरच्याच न्यायालयात कोपर्डीच्या खटल्यात तिन्ही आरोपींना फाशी सुनावली गेली. कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर जे झाले ते अमानुष होते, आणि त्या घराच्या दुःखाला आम्ही जात लावणार नाही. साक्षीदार तिथे उभे राहिले ते योग्यच झाले. आमचा प्रश्न एवढाच आहे की तोच जिल्हा, तोच महिना, आणि एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलेले तोंडाने सांगितले, दुसऱ्या ठिकाणी नाही. का? कॅमेरा बसवला असता तर खर्ड्यात काय वेगळे झाले असते? चित्रफीत राहिली असती, हे खरे, आणि तेवढ्यासाठी कॅमेरा हवाच. पण ती चित्रफीत ज्याच्या ताब्यात, तो कोण? ती पाहून 'हा अमुकच' असे न्यायालयात सांगायला कोण आले असते? डोळा एकटा साक्ष देत नाही. त्याच्यामागे ज्याचे पोट गावावर अवलंबून नाही असा माणूस लागतो.

न्यूमन म्हणतात की जागा आपली वाटली तर माणूस ती राखतो. आपल्या गावात हीच तर अडचण आहे. गाव 'आपले' वाटणाऱ्यांनीच ते आमच्यापासून राखले. चावडी राखली, मंदिर राखले, स्मशान राखले, मुलगी राखली. घोड्यावर बसलेला नवरदेव आणि भीमजयंतीचा डीजे यांना गावच्या रस्त्यावर अडवणारे स्वतःला रखवालदारच समजतात.

नगर जिल्ह्याला आदर्श गावांचा अभिमान आहे. राळेगणसिद्धीत दारूबंदी झाली, पाणी अडवले गेले, आणि दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके मारल्याचेही अण्णा हजारे यांनी स्वतःच सांगितलेले आहे. एकमुखी गावाची शिस्त गुन्हा कमी करते यात शंका नाही. पण एकमुखी गावात दुसरे तोंड उघडायची सोय कुठे असते? तीच गोष्ट १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेची. हेतू चांगला, बक्षिसाची रक्कम मोठी. जातीय अत्याचाराचा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही, हे कागदावर स्पष्टच आहे. तरी तक्रारी कमी दिसल्या तर गावाचे नाव होते, हे एकदा सगळ्यांना कळले की पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या दलिताकडे गाव कसे पाहील? गुन्हा कमी होणे आणि नोंद कमी होणे यांतला फरक रचनाकारांनीही लक्षात ठेवावा. त्यांच्या यशाची मोजणी नोंदींवरच होते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाड्याचे समतानगर, भीमनगर झाले. निर्णय चांगला होता. पाटी बदलली, नकाशा तसाच.

मग जागेतून गुन्हा रोखायचा तो कसा? आमच्या मते त्याचा आराखडा दोन ठिकाणी आधीच लिहिलेला आहे आणि त्यासाठी परदेशी सल्लागार नेमायची गरज नाही. पहिला आराखडा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आहे. लोकांना त्यातली अटक आणि जामीन एवढीच कलमे माहीत असतात. प्रत्यक्षात कलम १७ आणि १९९५ च्या नियमांतला नियम ३ हे पूर्णपणे जागेविषयी आहेत. अत्याचार होण्याची शक्यता असलेली ठिकाणे शोधा, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन पाहणी करावी, सवर्णांचे शस्त्रपरवाने गरजेप्रमाणे रद्द करा, बेकायदा शस्त्रे जप्त करा, गरज पडली तर दलित-आदिवासींना परवाने द्या, खास पोलीस बल ठेवा, दर तीन महिन्यांनी आढावा घ्या. कलम १० प्रमाणे अत्याचार करू शकणाऱ्या माणसाला त्या भागातून हलवता येते. शतकानुशतके ज्याला भीती वाटायची त्याला हलवले गेले. हे कलम ज्याची भीती वाटते त्याला हलवायला सांगते. सोनई आणि खर्ड्यानंतर नगर जिल्हा अत्याचारप्रवण जाहीर करा, ही मागणी चळवळीने रस्त्यावर केली ती याच तरतुदींच्या आधारे. तिला उत्तर म्हणून जिल्ह्याची बदनामी करू नका, असे ऐकवले गेले. पूरप्रवण, दुष्काळप्रवण म्हणवून घ्यायला कुणाला लाज वाटत नाही. त्यावर अनुदान येते.

दुसरा आराखडा बाबासाहेबांचा. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी त्यासाठी सरकारी वसाहत मंडळाची मागणी केली: पडीक सरकारी जमीन घ्या, गावोगाव विखुरलेल्या अस्पृश्यांना तिथे एकत्र वसवा, कसायला जमीन द्या. स्वतंत्र वसाहत म्हणजे वेगळेपणा वाढवणे, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आमच्यातल्या काहींना तो पटतो. आम्हाला वाटते आक्षेप घेणारे वेगळेपणा आजही आहेच हे विसरतात. बाबासाहेबांना तोडायचे होते ते अवलंबित्व. विखुरलेले दहा उंबरे शंभर उंबऱ्यांच्या मजुरीवर जगतात, तोवर त्यांच्या डोळ्यांना काही दिसले तरी ते बोलू शकत नाहीत. दादासाहेब गायकवाडांचा १९५९ आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह याच धाग्यावर होता. गायरान कसणाऱ्यांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा १९९१ चा शासननिर्णयही त्याच लढ्याचे फळ. गायरानाचा सातबारा हे गुन्हे प्रतिबंधाचे साधन आहे, असे कुठल्या नगररचनेच्या अभ्यासक्रमात शिकवतात का?

जिल्ह्यात आज नवे लेआउट पडत आहेत, ग्रामपंचायतींचे विकास आराखडे होत आहेत, घरकुलांना जागा शोधल्या जात आहेत. आमची मागणी त्या कागदांवर आहे. नवीन घरकुल जुन्या वस्तीच्या टोकाला आणखी एक ओळ म्हणून बांधू नका, गावठाणात सरमिसळ द्या. वस्तीची वाट कुणाच्या बांधावरून जात असेल तर ती आधी सरकारी नकाशावर आणा. पाण्याची टाकी, रेशनचे दुकान आणि अंगणवाडी यांपैकी निदान एक वस्तीच्या बाजूला असू द्या. शाळेच्या व्यवस्थापन समितीत वस्तीतला पालक नुसता सहीपुरता नको. कॅमेरे बसवाल तर त्यांची फीत ग्रामपंचायतीच्या कपाटात नको, तालुक्याबाहेर साठवा. अत्याचाराचा खटला उभा राहिला की साक्षीदाराला मजुरी, राहायला जागा आणि संरक्षण कायद्याप्रमाणे पहिल्या आठवड्यात मिळाले पाहिजे. आणि जिल्हा दक्षता समितीची बैठक नियमाप्रमाणे तीन महिन्यांतून एकदा व्हावी, तिचे इतिवृत्त लोकांना वाचायला मिळावे. ही बैठक कधी जिल्हाधिकारी कार्यालयाऐवजी खर्ड्याला, सोनईला घ्यावी, वस्तीत, दिवसाउजेडी.